दोन जिल्ह्यांत एक टायर

"ओ बावा, डवऱ्याचं चाक काहून चाटून राहिला?"

आवाज धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून आला, आणि असा आला की तीन वावरं पलीकडचे बगळे उठून सरळ मेळघाटाकडे निघाले. मी तेव्हा वलगावच्या पुढं, दर्यापूर रोडला लागून असलेल्या एका पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरात, काळ्या चिखलात पोटावर आडवा पडलो होतो. नाकासमोर एक सायकल डवरा होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुढं सायकलचं एक चाक, मागं तण कापायची लोखंडी पास, वर सायकलचंच हँडल. बैल नसले की माणसानं स्वतः ढकलत ओळींमधून न्यायचा. त्या चाकावर टायर होतं. टायरावर चिखल होता. आणि चिखलाखाली कुठंतरी आकडे होते, जे वाचायला मी बोटाला थुंकी लावून घासत होतो.

चाटत नव्हतो. हे मी आजही कोणत्याही देवाच्या दारात सांगेन. पण पन्नाशी उलटलेला, चष्मा लावलेला, शर्ट खोचलेला माणूस चिखलात पालथा पडून बोट एकदा तोंडात आणि एकदा चाकावर नेतो, तेव्हा लांबून काय दिसतं, यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. धुऱ्यावरच्या मावशीच्या हातात खुरपं होतं. मी उठून हात जोडले आणि म्हटलं, मावशी, मी अमरावतीचा मास्तर आहे, भूगोल शिकवतो.

ती खुरपं खाली न करता म्हणाली, "मंग?"

हा प्रश्न बरोबर होता. उत्तरासाठी पाच दिवस मागं जावं लागेल.

माझी सायकल गिअरची आहे. अठरा गिअर. वीसेक वर्षांपूर्वी मी ती घेतली तेव्हा आमच्या भागात अशी सायकल बघायला लोक तिकीट काढून आले असते, मी काढू दिलं नाही एवढंच. मी राजकमल चौकात गिअर बदलला की बडनेऱ्याच्या स्टेशनावर गाडी आली असं समजून हमाल उभे राहायचे. चढावर मी स्कूटरवाल्यांना मागं टाकत असे, उतारावर तर पोलिसांनाही. आता बायको म्हणते की तुमी चढावर उतरून सायकल हातानं लोटत होता, मी पाह्यलं हाय. बायकोची दृष्टी लग्नाआधीपासूनच अधू आहे. त्याशिवाय तिनं मला पसंत केलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात मागचं टायर फाटलं. आमच्याकडचं ऊन काय असतं ते सांगत बसत नाही. सायकल त्या दिवशी गॅलरीत उभी होती, आणि दुपारी दोन वाजता असा बार झाला की खालच्या मजल्यावरच्यांनी लग्नाची वरात आली समजून दार उघडलं. तेव्हापासून ती तिच्या नेहमीच्या जागी, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती, लंगडी. नेमक्या त्याच कोपऱ्यात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात.

दरवर्षी मी सणाच्या आधी सायकल खाली नेत असे आणि तीन दिवस शाळेच्या स्टँडला लावत असे. यंदा बायकोनं चटईवर बसून, डाळ निवडता निवडता, कायदा सांगितला. येत्या शनिवारी महालक्ष्म्या येतात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सायकल स्वतःच्या दोन चाकांवर चालत जिन्याखाली गेली, तर ती सायकल. नाही गेली, तर ते भंगार, आणि भंगारवाला शुक्रवारीच येतो.

मी म्हटलं, एका टायराचा प्रश्न आहे, उद्या आणतो.

तिनं मान वर केली नाही. डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला. मला तो खडा मीच असल्यासारखा वाटला.

रविवारी सकाळी फाटक्या टायरासकट मागचं चाक काढून खांद्यावर घेतलं आणि आमच्या नेहमीच्या सायकल मिस्त्रीकडे गेलो. हा मिस्त्री कडुलिंबाखाली बसतो आणि पंक्चर काढताना डॉक्टरसारखा गप्प असतो. त्यानं चाक फिरवलं, आकडे वाचले, चाक परत माझ्या खांद्यावर ठेवलं.

"मास्तर, हे सव्वीसचं हाय. हे आता बंद झालं."

मी म्हटलं, माणसं बंद होतात, आकडे कसे बंद होतील. त्यानं मला शांतपणे समजावलं. आताच्या पोट्ट्यांच्या सायकली साडेसत्तावीसच्या आणि एकोणतीसच्या. म्हाताऱ्यांच्या काळ्या सायकली अठ्ठावीसच्या. मधल्या सव्वीसवाल्या गिअरच्या सायकली जुन्या झाल्या, त्यांचं टायर कोणी ठेवत नाही. नवं सव्वीस आलं तरी ते अजगरासारखं जाड येतं, तुमच्या सायकलच्या दांडीत शिरत नाही. पाहिजे तर लावून दाखवतो. त्यानं लावून दाखवलं. चाक फिरेना. नवं जोडपं पहिल्यांदा सासरी आल्यावर जसं दारातच अडकतं, तसं ते टायर दांड्यांमध्ये अडकून बसलं.

मग मी शहर पालथं घातलं. एका दुकानदारानं मला एकोणतीसचं टायर घ्यायला आणि त्याला जोडून नवी सायकल घ्यायला सांगितलं. दुसऱ्यानं माझं चाक हातात घेतलं, आतून मुलाला बोलावलं, आणि आपल्या बालपणी अशी सायकल असे, असं त्याला सांगितलं. मी अजून जिवंत आहे, याची त्यानं दखल घेतली नाही. फोनवर मागवलं तर टायर महालक्ष्म्या जाऊन चार दिवसांनी पोचणार होतं. बँकेच्या रांगेत विचारलं, शाळेच्या शिपायाला विचारलं, दहावीच्या वर्गात कापसाचा पट्टा शिकवता शिकवता विचारलं. मंगळवारी आमच्याकडे पूजेचं विचारायला गुरुजी आले, त्यांना मुहूर्ताआधी टायर विचारलं. ते म्हणाले, अकोल्याले भेटते.

अमरावतीच्या माणसानं अकोल्याला टायरासाठी जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणार नाही. स्वतःच्या विहिरीला पाणी असताना शेजाऱ्याकडे घागर घेऊन जाणं त्यापेक्षा बरं. तरी बुधवारी शाळेतून रजा काढली, चाक घेतलं आणि एसटीत बसलो. अकोल्याच्या बाजारात पहिल्याच दुकानदारानं मला ओळखलं. माणूस म्हणून नाही, जिल्हा म्हणून.

"अमरावतीचे का? तती टायर नाई भेटत?" आणि त्यानं हा प्रश्न पूर्ण बाजाराला ऐकू जाईल अशा बेतानं विचारला.

मी म्हटलं, भेटते, पण आम्हाला तुमची परीक्षा पाहायची होती. त्यावर त्यानं खुर्ची दिली, चहा पाजला आणि माळ्यावरून एक टायर काढलं. सव्वीस. स्वच्छ छापलेलं, बारीक, सुंदर. मी चाकाला लावून पाहायला हवं होतं. पण अमरावतीची अब्रू, समोर चहा, आणि बाजारातली चार माणसं बघत असलेली. अशा वेळी आपण संशयी दिसू नये म्हणून मी ते मोठ्या मनानं तसंच घेतलं. वऱ्हाडी माणूस भाव करताना रक्त काढतो, पण चहा प्याल्यावर माल तपासत नाही. आमची ही खोड आहे, आणि दुकानदारांना ती माहीत आहे.

परतीच्या गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती, चाक खांद्यावर होतं, म्हणून टायर गळ्यात घातलं. कंडक्टर तिकीट देताना म्हणाला की, सत्कार कोनं केला? मूर्तिजापूरला चढलेल्या एका आजोबांनी मी निवडून आलो आहे असं समजून त्यांच्या गावच्या रस्त्याचं गाऱ्हाणं माझ्याकडे केलं. मी बडनेऱ्यापर्यंत त्यांना रस्ता मंजूर करून दिला.

घरी न जाता सरळ मिस्त्रीकडे गेलो. त्यानं टायर पाहिलं आणि प्रथमच हसला. ते बायकांच्या सायकलचं होतं. त्यालाही सव्वीसच म्हणतात, पण त्याची कडी आमच्या चाकापेक्षा बोटभर मोठी. वाळक्या मनगटातल्या बांगडीसारखं ते माझ्या चाकावर डुलत होतं. मी तरीही म्हटलं, हवा भरा, हवा भरली की बसेल. मिस्त्री नको म्हणत होता. मी शिक्षक असल्यामुळे त्यानं शेवटी माझं ऐकलं, आणि चाक मी स्वतः रस्त्यावर फिरवून पाहिलं. टायरानं पहिल्याच वळणावर चाक सोडलं, दुभाजक ओलांडला, भाजीच्या दोन गाड्यांना वळसा घातला आणि उताराला लागलं. मी मागं धावलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबलं तेव्हा बायको दूध घेऊन येत होती. तिनं टायराकडे पाहिलं, मग कोपऱ्यावर धापा टाकत आलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"हे तुमच्या आदी घरी आलं," एवढंच म्हणाली आणि वर गेली.

गुरुवारी मिस्त्रीनं मला बाजूला बोलावलं. त्याच्या मनात काल रात्रभर काहीतरी शिजत होतं. तो म्हणाला की मास्तर, आपण दुकानात शोधून राहिलो, पण सव्वीसची चाकं दुकानात नाहीतच. ती सगळी वावरात गेली. जुनी गिअरची सायकल भंगारात निघाली की भंगारवाला ती वलगावच्या वेल्डिंगवाल्याला देतो, आणि तो तिचा डवरा करतो. सव्वीसचं चाक डवऱ्याला अगदी मापात बसतं. अठ्ठावीसचं उंच होतं, चोवीसचं रुततं.

मी भूगोलाचा मास्तर. वीस वर्षं मुलांना शिकवतो आहे की कोणती वस्तू कुठल्या मातीत सापडते. आणि सव्वीसचं टायर काळ्या मातीत सापडतं, हे मला पंक्चरवाल्यानं सांगावं?

अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि काळीपिवळी टॅक्सीनं वलगाव गाठलं, चाकासह. वेल्डिंगवाल्यानं हात वर केले. डवरणीचा मोसम संपत आला, सगळे डवरे गेले, आणि बहुतेकांची टायरं टक्कल पडलेली. एक मात्र त्याच्या लक्षात होतं. त्याच्यावर टायर असं कोरं होतं की त्यालाच लावताना हळहळ वाटली होती. तो डवरा पुढच्या गावच्या एका मावशीनं नेला. रोडला लागून वावर आहे, धुऱ्यावर दोन बोरी आहेत, आणि मावशी जरा कडक आहे.

तर असा मी तिच्या वावरात पोचलो होतो. मावशी दिसली नाही, डवरा दिसला, आणि माझा धीर सुटला.

मी हे सगळं सांगितलं. मधले भाग थोडे वाढवून सांगितले. माझ्या तोंडी ते टायर आता पंचक्रोशीतलं शेवटचं झालं होतं, आणि सायकल गेली तर माझं शिक्षक म्हणून काय होईल ते सांगताना माझाच आवाज भरून आला. मावशीनं खुरपं पदराला पुसलं.

"मास्तर, टायर त न्याल. पन माही पाच तासं राह्यली. उद्या पानी आला त गवत माह्या डोक्यावर जाते. उघड्या चाकानं कोन डवरन?" तास म्हणजे पराटीच्या दोन ओळींमधला पट्टा, घड्याळातला नव्हे.

मी म्हटलं, उघडं कशाला, माझं जुनं टायर या चाकावर आहे, ते लावून देतो. तिनं ते पाहिलं, फाटलेल्या जागेत चार बोटं घालून पलीकडून काढली. मी घाईघाईनं म्हटलं की डवऱ्याला हवा लागत नाही, आत चिंध्या भरल्या की झालं.

"मले नोका शिकवू. याच्यात चिंध्या मीच भरल्या."

आणि खरंच, त्या कोऱ्या टायरात हवा नव्हतीच. त्यात तिची दोन जुनी लुगडी होती. म्हणजे अमरावतीत ज्या टायरासाठी मी मेलो होतो, ते इथं पोटात लुगडी घेऊन सुखानं लोळत होतं. माझ्या फाटक्या टायराचंही तेवढ्यावर भागलं असतं. मावशीचाही तसा नकार नव्हता. पण अदलाबदल करण्यात संध्याकाळ होईल आणि तासं राहतील, हा तिचा हिशोब होता. आणि मी, ज्याला कधी गप्प बसता आलं नाही, म्हणून गेलो की पाचही तासं मीच डवरून देतो.

तिनं माझ्या खोचलेल्या शर्टाकडे पाहिलं. मग बोरीखाली जाऊन बसली आणि पानाचा डबा उघडला. नाटक बघायला बसतात तशी.

डवरा ढकलणं सोपं दिसतं. मी शरीरशास्त्र शिकवत नाही म्हणून सांगू शकत नाही, पण कमरेत असे काही स्नायू आहेत ज्यांचा शोध त्या दिवशी लागला. पहिलं तास मी सरळ काढलं असं मला वाटलं. दुसरं तास मी आणि डवरा यांच्या वादात गेलं. तिसऱ्या तासाला मी मागं वळून पाहिलं, तेव्हा ते तास पूर्णा नदीसारखं वळणं घेत गेलेलं होतं, आणि मी अभिमानानं हात वर केला. मावशी उठून आली. वाकून पाहिलं. एक रोप उचललं.

"मास्तर, गवत जित्तं हाय. पराटी मेली."

मी म्हटलं, अजून दोन तासं आहेत मावशी, हात बसतोय.

"नोका," ती म्हणाली आणि माझ्या हातून डवरा काढून घेतला. "घेऊन जा तुमचं टायर. नाई त माह्या वावरात काईच उरनार नाई." मग तिनं उरलेली दोन तासं मी घाम पुसेपर्यंत डवरून टाकली. टायर मी काढलं, लुगडी माझ्या जुन्या टायरात तिनंच ठासली, आणि निघताना मेलेल्या पराट्या मोजल्या का, हे मी विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर घरी आलो. नवं टायर चिखलानं असं माखलं होतं की ते रबराचं आहे, हे विश्वासावर घ्यावं लागत होतं. आमच्या घरी एक मोठा निळा प्लास्टिकचा टब आहे. ट्यूबचं पंक्चर शोधायला मी तोच वापरतो. टब भरला, टायर त्यात सोडलं आणि नारळाच्या काथ्यानं घासायला बसलो. बायको शेजारीच उंबऱ्यात बसून महालक्ष्म्यांच्या फुलोऱ्यासाठी करंज्यांना मुरड घालत होती. मी घासता घासता तिला सगळी मोहीम ऐकवत होतो. यात मावशीच्या हातात आता कुऱ्हाड होती आणि मी पाचही तासं डवरली होती.

पाणी काळं झालं, टायर दिसू लागलं. कडेला आकडे उमटले. सव्वीस. त्यांच्या शेजारी एक लाल टिपका उमटला.

मी घासला. गेला नाही. नखानं खरवडला, तर तुकडा निघाला. नेलपॉलिश होतं.

आता माझ्या बाबतीत एक गोष्ट शाळेतले सगळे जाणतात. माझी छत्री, माझा डबा, माझा पेनचा डबा, माझा स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांवर एक लाल नेलपॉलिशचा टिपका असतो, कारण शिक्षकांच्या खोलीत वस्तू पाय फुटल्यासारख्या चालतात. आणि टबात हात घालून बसलो असताना मला आठवलं. अकरा-बारा वर्षांपूर्वी, सव्वीसची टायरं पुढं मिळणार नाहीत हे फक्त माझ्यासारख्या दूरदृष्टीच्या माणसालाच कळलं होतं, तेव्हा मी दोन कोरी टायरं घेतली होती. त्यांवर टिपके लावले होते. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या पेटीमागं ठेवली होती. आणि इतकी सुरक्षित ठेवली होती की मीच विसरलो.

मी ओले हात घेऊन माळ्यावर चढलो. पेटीमागं वर्तमानपत्रही नव्हतं. कोळ्याचं जाळंही नव्हतं. पुसून काढलेली स्वच्छ जागा होती.

खाली येऊन बायकोला विचारलं. तिनं करंजी फिरवत, मागल्या दिवाळीत माळा साफ केला होता, असं सांगितलं. भंगारवाल्याला दिली. तो दोन टायरांवर टब देत होता.

मी टबाकडे पाहिलं. टब निळा होता. टायर त्यात निवांत तरंगत होतं, माहेरी आल्यासारखं.

सायकल तासाभरात जिन्यावरून खाली गेली, दोन्ही चाकांवर, कुठंही न टेकता. भंगारवाला गल्लीत आला तेव्हा मी त्याच्यासमोरून दोन चकरा मारल्या आणि दुसऱ्या चकरेला तिसरा गिअर टाकला. पण मन शांत होईना. वर आलो. कोपरा रिकामा होता, तिनं तिथं पाट मांडले होते आणि रांगोळीचा डबा काढला होता. मी दारातच उभा राहून तिला सांगितलं की आपलीच टायरं, आपल्याच माळ्यावरची, आणि मी त्यांच्यासाठी कंडक्टरची बोलणी खाल्ली, अकोल्याचा चहा प्यालो, लोकांच्या पराट्या मारल्या. मिस्त्रीला विचारलं, गुरुजींना विचारलं, शिपायाला विचारलं, एसटीत अनोळखी माणसांना विचारलं. अमरावती आणि अकोला, दोन जिल्ह्यांत विचारायचा एक माणूस सोडला नाही.

तिनं पिठानं माखलेली बोटं झटकली.

"मले नाई इचारलं."